गिल्बर्ट हिलचं वय

अंधेरी पश्चिमेला, भवन्स कॉलेजच्या बाजूला, इमारतींच्या दाटीत तो काळा कडा ताठ उभा आहे. गिल्बर्ट हिल. उंची सुमारे दोनशे फूट. बेसॉल्टचे कोनदार खांब एकमेकांना खेटून वर गेलेले. खडकातल्या पायऱ्या चढून तुम्ही गावदेवीच्या देवळापाशी पोहोचता. मागून कुणीतरी पोराला सांगतंय, "हा डोंगर डायनासोरच्या काळातला, बरं का!"

खरं की काय? चला, जाऊनच बघा.

देऊळ गेलं, टॉवर गेले. हिमालय अजून जन्मायचाय. भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि हळूहळू उत्तरेकडे सरकतोय. गंधकाच्या वासाने घसा धरलाय. समोरच्या लाव्ह्यावर काळी साय धरली आहे, आत मात्र तो लालबुंद आहे. निवताना तो आकसतो, तडकतो, आणि ते तडे खोल खोल उतरत जातात. खांब घडताहेत ते असे.

तुम्ही डायनासोर शोधता. एकही नाही. म्हणजे ते संपले, की आज इकडे फिरकले नाहीत? असल्या भट्टीपाशी येणार तरी कोण? एक न दिसल्यावरून सगळे संपले म्हणायचं का? बरं, हा काळ तरी कोणता? विचारणार कुणाला? डोंगर जन्मताना तुम्ही हजर आहात, तरी त्याचं वय तुम्हाला सांगता येत नाही.

आता २००१ सालात या. भूशास्त्रज्ञ हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खडकाचं वय काढलंय. दगडातल्या पोटॅशियमचा एक प्रकार फार सावकाश आरगॉन वायूत बदलतो. तो निम्मा व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. वितळलेल्या दगडातून आरगॉन निसटतो, म्हणून दगड थिजला की घड्याळ शून्यापासून सुरू. नमुना टप्प्याटप्प्याने तापवायचा आणि प्रत्येक टप्प्यावर सुटणाऱ्या वायूवरून वय काढायचं. वयं जुळली नाहीत, तर मधल्या काळात काहीतरी गडबड झाली, असा संशय घ्यायचा.

उत्तर आलं : ६ कोटी ५ लाख वर्षं, १२ लाख इकडे-तिकडे. डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. डोंगर उशिरा आला!

"पण तेव्हाही पोटॅशियमचा वेग हाच होता कशावरून?" तुम्ही अडवता. रास्त शंका. कालपर्यंत असं घडलं म्हणून उद्याही घडेल, हे निव्वळ तर्काने सिद्ध होत नाही, असं तत्त्वज्ञ ह्यूम अठराव्या शतकातच सांगून गेला. मागे जातानाही अडचण तीच. मात्र युरेनियमचं शिशात रूपांतर होणं हे वेगळ्याच वेगाचं घड्याळ आहे. एकाच काळातल्या खडकांवर दोन्ही लावून ताडून बघता येतात. वेग बदलले असतील, तर दोघांनी संगनमत करूनच बदलायला हवेत.

गृहीतक तरीही उरतंच. पण ते कुठे पकडायचं, हे आता ठाऊक आहे. आणि उत्तर किती चुकू शकतं, तेही त्या १२ लाखांत लिहिलेलं आहे. तुमच्या डोळ्यांदेखतच्या साक्षीला असा आकडा जोडता येईल का?