भिंतीचा लोणा आणि नीरेचा कालवा

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली की वर्गाच्या भिंतीकडे एकदा नीट पाहा. पाऊस जाऊन महिना झालेला असतो, अंगण कोरडे ठणठणीत असते. तरीही जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत रंग फुगलेला दिसतो. बोट लावले की पोपडा सुटतो आणि खाली मिठासारखी पांढरी भुकटी हाती येते. हाच लोणा. पाणी तर केव्हाच ओसरले, मग भिंत आता हिवाळ्यात का झडते? उत्तर शोधू लागलो की बारामती तालुक्याच्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या इतिहासात शिरावे लागते.

काळी आणि पांढरी

कऱ्हेच्या काठचे मोरगाव आपल्याला मयूरेश्वरामुळे ठाऊक आहे. हा सारा पट्टा पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा परतीच्या पावसाचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा. घराच्या पायाला पाणी मिळते ते असे अगदी हिवाळ्याच्या तोंडावर.

गावाच्या जमिनीचे जुन्या लोकांनी दोन भाग केले होते. पिकांची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. या विभागणीत व्यवहाराचे शहाणपण होते. काळी माती बसाल्ट खडकाच्या झिजेतून झाली. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. अशा जमिनीवर भिंत उभी केली तर ती दर वर्षी उचलली जाणार आणि खचणार. म्हणून वस्ती उंचवट्यावर, मुरमाच्या निचऱ्याच्या जागी. पाया मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणायचा, त्यावर काळ्या दगडाचे दोन-तीन फूट जोते उचलायचे, मग पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर माळवद.

जोते केवळ प्रतिष्ठेसाठी नव्हते. घट्ट बसाल्ट दगड पाणी जवळजवळ शोषत नाही. जमिनीतले पाणी वर चढू लागले तर त्याला दगडांमधल्या सांध्यांतूनच वाट काढावी लागते. मातीची भिंत जमिनीला टेकत नाही, हे त्या बांधकामाचे मर्म.

आपल्याकडे तळघर वाड्यांतून असे, पण सामान्य घराचे तळघर म्हणजे धान्याचे पेव. त्यालाही उंच, निचऱ्याची जागा लागे. ओल शिरली की धान्य कुबट होई, शिवाय ओले धान्य ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. ही कला फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातच घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून उत्खनन केले. तेथील तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन घरांजवळही धान्य साठवण्याची पेवे सापडली.

कालवा आला

१८७६-७७ च्या दुष्काळाने हा प्रदेश होरपळून निघाला. त्यानंतर भोरजवळ भाटघर येथे धरण बांधले गेले आणि वीर येथून नीरेचा डावा कालवा काढण्यात आला. १८८५ च्या सुमारास तो वाहू लागला. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील नीरेकडच्या गावांना बारमाही पाणी मिळाले. सासवडकडचे माळी बागायतदार कालव्याकाठी येऊन ऊस लावू लागले. मोरगाव मात्र कालव्याच्या उत्तरेला, कोरड्या बाजूलाच राहिले.

पुढची गोष्ट कालवा आखणाऱ्यांच्या हिशेबात नव्हती. कालव्यातून पाझरणारे आणि उसाला मुबलक दिलेले पाणी काळ्या मातीखाली साचत गेले. विहिरींची पातळी वर आली. शेतांवर पांढरे थर दिसू लागले आणि काळी नापीक झाली. १९१० मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुखणे जमिनीखालून वर येत होते. भूजल वर चढते, सोबत मातीतले क्षार आणते, पृष्ठभागावर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली.

या संशोधकांचा विषय शेत होता, घर नव्हते. पण शेतात जे घडत होते तेच भिंतीत घडते. भिंत म्हणजे जमिनीतून वर आलेला शेताचा उभा तुकडाच.

पाणी वर कसे चढते?

बारीक नळीत पाणी आपोआप चढते आणि नळी जितकी अरुंद तितके ते उंच जाते, हा नियम जेम्स ज्यूरिन याने अठराव्या शतकाच्या आरंभी मांडला. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे तीन सेंटिमीटर चढते, तर एक दशांश मिलिमीटरच्या नळीत तीस सेंटिमीटर. विटेतली आणि मातीतली छिद्रे याहूनही बारीक असतात. बाष्पीभवन वाटेत आडवे येते म्हणूनच ओल हात-दीड हातावर थांबते, आणि लोण्याची रेघ तेथेच उमटते.

आता हिवाळ्याचे कोडे. ओल्या भिंतीतले क्षार पाण्यात विरघळलेले असतात, तोवर ते निरुपद्रवी. हवा कोरडी झाली की पाणी उडते आणि स्फटिक बनू लागतात. त्यात सोडियम सल्फेट असेल तर थंडी घातच करते. ३० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात ते सुमारे ४० ग्रॅम विरघळते, १० अंशांना जेमतेम ९ ग्रॅम. म्हणजे पौषातल्या गार रात्री ते द्रावणातून झपाट्याने बाहेर पडते. शिवाय या तापमानाला त्याचा प्रत्येक रेणू पाण्याचे दहा रेणू बांधून घेतो. कोरड्या क्षाराचे असे सजल स्फटिक झाले की आकारमान तिपटीहून अधिक होते. एवढा फुगवटा छिद्राला सोसत नाही आणि गिलावा फुटतो.

म्हणून लोण्यावर सिमेंटचा गिलावा चढवणे हा पैसे वाया घालवण्याचा हमखास मार्ग आहे. पाणी खालून येतच राहते. बाहेर पडायची वाट बंद झाल्याने ते आणखी वर चढते आणि पुढच्या वर्षी लोणा खिडकीपर्यंत पोहोचतो. जुना चुन्याचा किंवा मातीचा गिलावा स्वतः झडे, पण भिंतीला श्वास घेऊ देई.

इलाज पायाशीच करायला हवा. नव्या घरात जोत्याच्या माथ्यावर जलरोधक थर घालावा. खोल काळ्या मातीत पाया ऋतुमानाने ओली-सुकी होणाऱ्या थराच्या खाली न्यावा. त्यासाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असणारे, साधारण साडेतीन मीटर खोल जाणारे काँक्रीटचे खांब विकसित केले. जुन्या घरात दसऱ्यापूर्वी काही कामे उरकावीत: पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढावे, अंगणाचा उतार बाहेरच्या बाजूला करावा आणि जोत्यालगत साठलेली माती उकरावी. गावोगाव रस्त्यावर रस्ता चढवल्याने जोती बुडत चालली आहेत. बुडालेले जोते म्हणजे पुन्हा जमिनीला टेकलेली भिंत.

प्रश्न आजही जिवंत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हेला मोठा पूर आला आणि बारामतीतील नदीकाठच्या लोकांना घरे सोडावी लागली. मे २०२५ मध्ये अतिवृष्टीत नीरेचा डावा कालवाच पिंपळी-लिमटेकजवळ फुटला. दुसरीकडे तालुक्याच्या जिरायत पट्ट्यासाठी जनाई-शिरसाई आणि पुरंदर उपसा योजना झाल्या आहेत. कोरड्या बाजूला पाणी यायलाच हवे, त्यासाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली आहे. मात्र पाणी येण्याबरोबर निचऱ्याची सोयही व्हावी. नीरेकडच्या गावांना हा धडा कालव्यानंतर पंचवीस वर्षांनी मिळाला होता.

वर्गात एवढे करून पाहा. बशीत मिठाचे पाणी घेऊन त्यात विटेचा तुकडा उभा ठेवा आणि आठवडाभर दररोज ओलीची उंची मोजा. शेजारी तसाच तुकडा बसाल्टचा ठेवा. मग शाळेच्या भिंतीवर ओलीच्या रेघेशी खडूने खूण करून तारीख लिहा, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर महिन्याला नवी खूण करा. पाच खुणा झाल्या की मुलांनाच विचारा, ही भिंत पाणी कुठून पिते?