अटलांटिक महासागराखालील एक अग्निवाट

इतिहास म्हणजे राजांच्या स्वाऱ्या आणि तहांच्या तारखा, असें मानणाऱ्या वाचकांस एका बोगद्याचा इतिहास सांगूं लागणें कदाचित् विक्षिप्तपणाचें वाटेल. परंतु कॅनरी द्वीपसमूहांतील लांझारोते बेटावर असा एक बोगदा आहे खरा.

सुमारें २१,००० वर्षांपूर्वीं तेथील ला कोरोना ज्वालामुखीचा उद्रेक झाला. लाव्हारस समुद्राकडे वाहात असतां वरचा थर निवून त्याचें कवच बनलें. आंतील रस मात्र वाहातच राहिला, आणि उगम आटल्यावर मागें सात किलोमीटरांहून लांब अशी पोकळ नळी उरली. वेरूळच्या काळ्या दगडास छिन्नी लागली; येथें त्याच जातीच्या दगडानें आपलें लेणें आपणच घडविलें. त्या काळीं हिमयुगामुळें समुद्राची पातळी आजच्याहून शंभराहून अधिक मीटर खालीं होती. पुढें बर्फ वितळलें, पाणी चढलें आणि नळीचा शेवटचा सुमारें दीड किलोमीटर भाग समुद्राखालीं गेला. त्यास आज ‘अटलांटिसचा बोगदा’ म्हणतात. हें नांव मला रुचत नाहीं. खरोखरीच बुडालेली भूमि समोर असतां प्लेटोच्या कल्पित द्वीपाकडे धांव घ्यावी कशास?

नळीच्या कोरड्या भागानें माणसांचेंहि दुःख पाहिलें आहे. इ. स. १६१८ मध्यें अल्जिअर्सच्या चाच्यांनीं बेटावर स्वारी केली, तेव्हां रहिवासी ‘कुएवा दे लोस व्हेर्देस’ या गुहेंत दडले. गुहा त्यांना पुरली नाहीं. शेंकडों बेटवासी त्या स्वारींत पकडले गेले व गुलाम म्हणून अल्जिअर्सला नेले गेले.

कुस्तो आणि गान्याँ या फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं श्वासयंत्र सिद्ध केल्यावर बुडालेल्या भागाचें दार मनुष्यास उघडलें. किनाऱ्यावरूनच, नावेवांचून, त्यांत उतरतां येतें. पण खोली चौसष्ट मीटरांपर्यंत जाते आणि माथ्यावर दगडाचें छत. उघड्या समुद्रांत संकट आलें तर पाणबुड्या वर येऊं शकतो. येथें आलेल्या वाटेनेंच, दोरीच्या आधारानें परतावें लागतें. म्हणून गुहेंत शिरणारे हवेचे तीन वांटे करितात : एक जाण्यास, एक येण्यास आणि एक संकटासाठीं. दडलेल्या बेटवासीयांजवळ असा तिसरा वांटा कुठला?

या जलांत राहणारा आंधळा, पांढरा, नखाएवढा खेंकडा १८९२ सालीं शास्त्रांत नोंदला गेला. १९८४ सालीं वल्ह्यांसारख्या पायांच्या एका निराळ्याच आंधळ्या कवचधारी जीवाची भर पडली. त्याचा वर्ग शास्त्रज्ञांस ज्ञात होऊन तेव्हां पांच वर्षेंच झालीं होतीं, आणि तोहि पार पलीकडे, बहामा बेटांच्या गुहांतून. खेंकडा मात्र ‘जामेओस देल आग्वा’ या तळ्यांत पायऱ्या उतरून कोणासहि पाहतां येतो. तेथें नवस म्हणून नाणीं टाकण्यास मनाई आहे. कारण धातु गंजून पाणी विषारी होतें, व त्या जीवास पळून जाण्यास दुसरें घर नाहीं.