कुत्र्याचे पोट बिघडणे : घरगुती उपचार

कुत्र्याच्या जठराचा किंवा आतड्याचा दाह होऊन त्याला उलट्या, जुलाब, पोटात गुरगुर होणे, अन्नावरची वासना उडणे यांपैकी एक वा अनेक लक्षणे अचानक दिसू लागली, म्हणजे त्याचे पोट बिघडले असे व्यवहारात म्हटले जाते. पशुवैद्यक या विकाराला तीव्र जठरांत्रशोथ म्हणतात (शोथ म्हणजे सूज व दाह). एरवी निरोगी असलेल्या प्रौढ कुत्र्यात हा विकार बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप शमतो, त्यामुळे पुष्कळशा घरगुती उपायांची ख्याती या आपोआप शमण्यावरच उभी आहे. खऱ्या उपयोगाचे उपाय थोडेच असून पोटाला विसावा देणे, शरीरातले पाणी टिकवणे आणि पचायला हलके अन्न थोडे थोडे देणे यांत ते सामावतात.

कारणे : सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे खाण्यातला अविचार. माणसाच्या वस्तीभोवतीच्या उकिरड्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या या प्राण्याला शिळे किंवा कुजके अन्न वर्ज्य वाटत नाही. सणासुदीला तेलकट रस्सा, तळण आणि गोडधोड यांची रेलचेल झाली की घरच्या कुत्र्याच्या वाट्यालाही ते येते, आणि अशा स्निग्ध जेवणानंतर काही कुत्र्यांना स्वादुपिंडशोथ, म्हणजे पाचक रस निर्माण करणाऱ्या स्वादुपिंडाचा दाह होतो; पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरणे ही त्या पोटदुखीची ओळखीची खूण होय. खाद्याचा प्रकार एकदम बदलणे, गोलकृमी व अंकुशकृमी हे आतड्यातले जंत आणि दूषित पाण्यातून येणारा जिआर्डिया हा एकपेशीय जीव ही इतर कारणे होत. पिल्लांच्या बाबतीत सर्वांत धास्तीचे कारण म्हणजे पार्व्हो विषाणू. १९७८ च्या सुमारास ओळखला गेलेला हा विषाणू अल्पावधीत जगभर पसरला. तो जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लस न टोचलेल्या पिल्लाला दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाबांनी काही दिवसांतच गाठतो. त्यावर कोणताही घरगुती उपाय चालत नाही.

निरीक्षण : उपायाआधी पाहणी हवी. पोटाचे स्नायू आवळून, उमाळे देत बाहेर टाकलेले अन्न म्हणजे उलटी. खाल्लेले न पचता, विनासायास, नळीच्या आकारात परत बाहेर आले तर तो अन्ननलिकेचा दोष असतो आणि पोटाच्या उपायांनी तो सुधारत नाही. जुलाबही एकाच जातीचे नसतात. लहान आतडे बिघडले असता पातळ व भरपूर शौच होते, तर मोठे आतडे बिघडले असता कुत्रा वारंवार बसतो, कुंथतो आणि थोडीशीच, शेंबडासारखी आव पडते, कधी तिच्यावर ताज्या रक्ताची रेघही असते. डांबरासारखी काळी, चिकट विष्ठा मात्र जठरात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव झाल्याचे सुचवते. शरीरातले पाणी किती उतरले आहे हे पाहण्यासाठी खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून सोडतात. ती लगेच पूर्ववत बसली पाहिजे, तंबूसारखी उभी राहता कामा नये. वरचा ओठ उचलून हिरडीला बोट लावल्यास ती ओलसर व गुळगुळीत लागावी आणि बोटाने दाबून पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी.

लंघन व पाणी : उलट्या होत असलेल्या प्रौढ कुत्र्याचे खाणे सुमारे १२ तास बंद ठेवण्याची प्रथा जुनी आहे. काही जण ते २४ तासांपर्यंत लांबवतात. परंतु आतड्याच्या अस्तरातील पेशी आपले पोषण बऱ्याच अंशी आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच घेत असल्यामुळे, उलटी नसून केवळ जुलाब असतील तर दीर्घ लंघनाने लाभ होत नाही, असा आजचा कल आहे. लहान पिल्ले, अगदी लहान चणीच्या जाती आणि इन्सुलिन चालू असलेले मधुमेही कुत्रे यांना उपाशी ठेवणे धोक्याचे असते, कारण त्यांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते.

पाणी मात्र कोणाचेच तोडू नये. तहानलेला कुत्रा भांडेभर पाणी एका दमात पितो आणि तितक्याच वेगाने ओकतो, म्हणून १० किलो वजनाच्या कुत्र्यापुढे दर अर्ध्या तासाने दोन-तीन मोठे चमचे पाणी ठेवणे किंवा त्याला बर्फाचा खडा चाटू देणे श्रेयस्कर ठरते. माणसांसाठी मिळणारी जलसंजीवनीची पुडी सांगितलेल्या मापाने पाण्यात विरघळवून तीच थोडी थोडी देता येते. साखरेऐवजी कृत्रिम गोडी असलेला प्रकार वापरू नये. नको असताना पिचकारीने घशात पाणी सोडले तर ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाचा दाह होण्याची भीती असते.

गुरगुट्या भात : उलटी थांबून काही तास लोटल्यावर द्यायचा आहार जगभर जवळजवळ सारखाच सांगितला जातो, तो म्हणजे उकडलेला पांढरा तांदूळ आणि कातडी, चरबी व हाडे काढलेली उकडलेली कोंबडी. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराला हा आहार नवा नाही, कारण आजारी माणसाचा गुरगुट्या भात आणि कोकणातली पेज याच जातीची आहे. दोन वाट्या भाताला एक वाटी कोंबडी, असे साधारण प्रमाण धरतात. तांदूळ नेहमीपेक्षा जास्त पाण्यात, शीत बोटाने सहज चेपेल इतका शिजवतात, मीठ घालत नाहीत आणि कोमट झाल्यावर दिवसातून चार-पाच वेळा लहान घास देतात. शाकाहारी घरांत कोंबडीच्या जागी उकडलेले अंडे किंवा कमी स्निग्धांशाचे पनीर चालते. मांसाहारी प्राण्याला भात कसा पचतो, ही शंका रास्त असली तरी तिचे उत्तर कुत्र्याच्या जनुकांत आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असे दिसले, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात केवळ २ प्रती असतात, तर कुत्र्यात त्या ४ ते ३० पर्यंत आढळतात. माणसाच्या उष्ट्यावर वाढताना कुत्र्याने ही पचनशक्ती मिळवली. हा आहार सर्वांगाने पुरेसा नसल्यामुळे तो काही दिवसांपुरताच द्यावा.

या भाताची सारी मदार फोडणीआधी तो काढून ठेवण्यावर असते. त्याच चुलीवरच्या आमटीतले कांदा व लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने त्यांचा हा गुण जात नाही आणि परिणाम काही दिवसांनी, हिरड्या फिकट पडल्यावर ध्यानी येतो. जंतांवर लसूण चारण्याची प्रथा त्यामुळे सोडून देण्याजोगी आहे.

इतर घरगुती पदार्थ : मीठमसाला न घालता उकडून कुस्करलेला तांबडा भोपळा मध्यम कुत्र्याला एक-दोन मोठे चमचे दिल्यास त्यातला विद्राव्य तंतू, म्हणजे पाण्यात फुगून लगदा होणारा चोथा, पातळ शौच बांधण्यास मदत करतो. पाण्यात भिजवून अन्नात मिसळलेले पाव ते अर्धा चमचा इसबगोल हेच काम करते. दुधाचा आग्रह मात्र चुकीचा आहे. बहुतेक प्रौढ कुत्र्यांत दुग्धशर्करा पचवणारे विकर कमी असते, म्हणून जुलाबात दूध पाजल्याने जुलाब वाढतात. विरजताना त्या शर्करेचा काही भाग जिवाणूंनी खर्च केलेला असल्यामुळे चमचा-दोन चमचे गोडे दही किंवा मीठ-मिरची न घातलेले ताक अनेक कुत्र्यांना सोसते, परंतु ते बरे होऊ लागल्यावरच द्यावे. ओवा, हिंग, डाळिंबाची साल, कुड्याची साल ही माणसांच्या पोटदुखीतली जुनी औषधे गावोगावी कुत्र्यांनाही दिली जातात. कुत्र्यासाठी त्यांची खात्रीची मात्रा ठरलेली नसल्यामुळे त्यांची शिफारस करता येत नाही. गवत खाणे हे कुत्र्याने स्वतःच शोधलेले औषध मानतात, पण गवत खाणारे बहुतेक कुत्रे आधी आजारी नसतात आणि त्यांतले थोडेच नंतर ओकतात.

वर्ज्य गोष्टी : पोट साफ व्हावे म्हणून मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे घातक आहे, कारण रक्तातले सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होतो. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके कुत्र्याला विषासमान ठरू शकतात. जुलाब रोखणारे लोपेरामाइड कॉली व तिच्या जवळच्या जातींतील काही कुत्र्यांच्या मेंदूत शिरते, कारण औषधाला मेंदूबाहेर ठेवणारे प्रथिन जनुकदोषामुळे त्यांच्यात निकामी असते. प्रतिजैविकांचे उरलेले डोस चारणेही निरर्थक होय; साध्या जुलाबांत त्यांची गरज नसते आणि आतड्यातले उपकारक जिवाणू मात्र मरतात.

तातडीची लक्षणे : काही वेळा बिघडलेले पोट ही विषबाधेची किंवा अडथळ्याची पहिली खूण असते. शिऱ्यातले बेदाणे व ताजी द्राक्षे मूत्रपिंडे निकामी करू शकतात. त्यांतले टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावे असे आता मानले जाते, आणि हे आम्ल चिंचेतही मुबलक असते. चॉकलेट, झायलिटॉल घातलेला साखरविरहित च्युइंगम व उंदीर मारण्याचे औषध यांबाबत तर एक तासही थांबू नये. उन्हाळ्यात गिळलेली आंब्याची कोय, पावसाळ्यात रस्त्यावरून उचललेले दाणे खाल्लेले कणीस आणि शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे आतड्यात अडकतात किंवा ते फाडतात. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचे पोट ढोलासारखे फुगून तो ओकण्याची धडपड करीत असेल आणि बाहेर काहीच पडत नसेल, तर जठराला पीळ पडलेला असण्याचा संभव असतो व काही तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास तो दगावतो. याखेरीज रक्त पडणे, पाणीही न टिकणे, २४ तासांहून अधिक काळ जुलाब चालणे, ताप किंवा ग्लानी येणे, तसेच रुग्ण पिल्लू, म्हातारा कुत्रा किंवा गाभण कुत्री असणे, अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा आणि जाताना विष्ठेचा ताजा नमुना झाकणाच्या डबीत न्यावा.

शुश्रूषा : गोलकृमी व अंकुशकृमी माणसालाही त्रास देत असल्यामुळे घाण लगेच उचलून हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. शौच घट्ट होऊ लागल्यावर नेहमीचे खाद्य एकदम सुरू न करता, पहिल्या दिवशी तीन भाग भाताला एक भाग, दुसऱ्या दिवशी निम्मे-निम्मे, असे तीन-चार दिवसांत पूर्ववत करतात. या काळात एक-दोन दिवस शौचच न झाल्यास तो बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नये; आतडे रिकामे झालेले असते आणि भातात चोथा जवळजवळ नसतो, एवढेच त्याचे कारण असते.