राज्यसत्ता जेव्हा श्रद्धेची जागा घेते



हिटलरचा इतिहास आपण सनावळ्यांतून शिकतो. परंतु शिकलेसवरलेले जर्मन लोक त्याच्या मागे का गेले, याचे उत्तर सनावळ्यांत सापडत नाही. एरिक फोगेलिन या विचारवंताने १९३८ साली व्हिएन्ना येथे ‘राजकीय धर्म’ या नावाचे छोटे पुस्तक लिहून ते शोधले. वंश, राष्ट्र किंवा वर्ग अशा ऐहिक गोष्टीला ईश्वराच्या जागी बसविले, की राजकारणच धर्माचे रूप घेते, असे त्याने दाखविले. नाझी पोलिसांनी पुस्तक जप्त केले व लेखकाला देश सोडावा लागला.

पुरावे पाहा. १९२३ च्या म्युनिकमधील फसलेल्या उठावात मेलेल्या १६ जणांना पक्षाने हुतात्मे ठरविले. १९३५ साली त्यांच्या शवपेट्या खास बांधलेल्या मंदिरांत ठेवल्या. त्या उठावातील रक्ताळलेल्या निशाणाचा स्पर्श करून हिटलर नवी निशाणे पावन करी. १९३४ पासून सैनिक शपथ घेत ती राज्यघटनेची नव्हे, तर हिटलरच्या आज्ञापालनाची.

आपण म्हणाल, हुतात्मे, निशाण आणि शपथ कोणत्या देशात नसतात? खरे आहे. फरक असा, की खऱ्या धर्मश्रद्धेत राजालाही ईश्वरापुढे जाब द्यावा लागतो. येथे मात्र नेत्याच्या वर कोणीच उरले नव्हते. म्हणून त्याला प्रश्न विचारणे हेच पाप ठरले.

ही श्रद्धा मुलांच्या मनात लवकर रुजवावी, म्हणून १९३९ साली दहा वर्षांवरील मुलामुलींना हिटलरच्या युवक संघटनेत जाणे सक्तीचे झाले. हान्स आणि सोफी शोल ही भावंडे त्याआधीच हौसेने तेथे गेली होती. वडिलांना ते पसंत नव्हते. तरी त्यांनी मुलांशी संवाद तोडला नाही. पुढे मुलांचे डोळे उघडले. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी म्युनिक विद्यापीठात नाझीविरोधी पत्रके वाटताना दोघे पकडली गेली आणि चारच दिवसांनी त्यांचा शिरच्छेद झाला. हान्स २४ वर्षांचा होता, सोफी २१ वर्षांची.

पालकहो, आपल्या मुलाने घरात उलट प्रश्न केला तर त्याला उद्धट म्हणून गप्प बसवू नका. शोल यांच्या घरात वाद होत असत. पण बोलणे कधी बंद पडले नाही.