महिला कारागृहे आणि लिंगओळख : अमेरिकेतील नियम व वाद

पारलिंगी, म्हणजेच ट्रान्सजेंडर, कैद्याला पुरुषांच्या कारागृहात ठेवावे की महिलांच्या, या प्रश्नाला अमेरिकेत एकच उत्तर नाही. केंद्रीय कारागृहांचे नियम वेगळे, राज्यांचे वेगळे.

या विषयाचा घटनात्मक पाया १९९४ च्या ‘फार्मर विरुद्ध ब्रेनन’ खटल्यात आहे. पुरुषांच्या कारागृहात अत्याचार झाल्याची तक्रार करणाऱ्या डी फार्मर या पारलिंगी स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व घालून दिले : गंभीर धोका ठाऊक असूनही अधिकाऱ्यांनी जाणूनबुजून दुर्लक्ष केल्यास तो राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीचा भंग ठरतो. हे संरक्षण प्रत्येक कैद्याला लागू आहे.

कारागृहातील बलात्कार रोखण्यासाठी २००३ मध्ये ‘प्रिझन रेप एलिमिनेशन अ‍ॅक्ट’ संमत झाला. त्याखालील २०१२ च्या नियमांनुसार पारलिंगी कैद्याच्या जागेचा निर्णय प्रकरणनिहाय घ्यायचा असतो. वर्षातून किमान दोनदा फेरआढावा अपेक्षित असतो. संबंधित कैद्याच्या मताइतकाच इतरांच्या सुरक्षिततेचा विचारही त्यात आवश्यक असतो.

केंद्रीय धोरण मात्र सत्तेबरोबर बदलत राहिले. २०१८ मध्ये जन्मजात लिंगाला प्राधान्य मिळाले, २०२२ मध्ये ते मागे पडले. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी पारलिंगी स्त्रियांना महिला कारागृहांत न ठेवण्याचा आदेश काढला. फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या केंद्रीय न्यायालयाने अर्जदार कैद्यांपुरती त्याला तात्पुरती स्थगिती दिली.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२१ पासून कैद्याला लिंगओळखीनुसार जागा मागता येते. सुरक्षेच्या कारणाने प्रशासन ती नाकारू शकते. त्याच वर्षी काही महिला कैद्यांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. पूर्वी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना पुरुषी शरीराच्या व्यक्तीबरोबर कोठडीत राहायला लावणे अन्यायाचे आहे, असा हा आक्षेप. दुसऱ्या बाजूला, कॅलिफोर्नियातीलच २००७ च्या अभ्यासात पुरुष कारागृहांतील पारलिंगी कैद्यांपैकी ५९ टक्क्यांनी कोठडीतील लैंगिक अत्याचाराची नोंद केली. सर्वसाधारण कैद्यांत हे प्रमाण ४.४ टक्के होते.

दोन्ही भये खरी आहेत. परंतु महिला कारागृहांतील अलीकडच्या मोठ्या प्रकरणांत आरोपी कर्मचारीच होते. कॅलिफोर्नियातील डब्लिनच्या केंद्रीय महिला कारागृहात खुद्द वॉर्डनच २०२२ मध्ये लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरला; २०२४ मध्ये ते कारागृह बंद झाले. न्यू जर्सीतील एडना महान कारागृहात कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या लैंगिक शोषणावर न्याय विभागाने २०२० मध्ये ठपका ठेवला.

भारताने वेगळा मार्ग सुचवला आहे. जानेवारी २०२२ च्या गृह मंत्रालयाच्या सूचनेत पारलिंगी कैद्यांसाठी स्वतंत्र कक्ष सांगितला आहे, मात्र त्यातून एकांतवास घडू नये अशी तंबीही दिली आहे. अमेरिकी नियमही सुरक्षेच्या नावाखाली कैद्याला इच्छेविरुद्ध अलग ठेवण्यावर मर्यादा घालतात. कारण संरक्षण मागणाऱ्याला एकांतवासच मिळणार असेल, तर तक्रार करायला कोणीच पुढे येणार नाही.