अमेरिकेंतील पोलादावरील डंपिंगविरोधी जकात आणि न्यायालयांचा अधिकार

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील शुल्काध्यक्ष-प्रकरणांत (अधिकरण २, अध्याय २१) असा दंडक आहे कीं, व्यापाऱ्यानें नगरद्वाराजवळ ध्वजाखालीं आपला माल मांडून त्याचें प्रमाण व मूल्य पुकारावें. शुल्काच्या भीतीनें जो कोणी प्रमाण किंवा मूल्य कमी सांगेल त्याचा वरचा भाग राजानें घ्यावा, अथवा त्याजकडून आठपट शुल्क वसूल करावें. म्हणजे त्या काळीं जकातदाराला भय होतें तें खोट्या कमी किंमतीचें. विसाव्या शतकांत व्यापारी राष्ट्रांनीं जी एक नवी जकात निर्माण केली, तिची तऱ्हा याच्या उलट आहे. तींत खऱ्या कमी किंमतीलाच दंड आहे. परदेशी कारखानदार आपला माल स्वदेशांत टनास ५०० डॉलरनें विकीत असेल आणि तोच माल परक्या बंदरांत ४०० डॉलरनें टाकीत असेल, तर मधल्या १०० डॉलरांएवढी जादा जकात त्या मालावर बसवावयाची, असा हा हिशेब. या कमी भावाच्या विक्रीस इंग्रजींत डंपिंग म्हणतात, आणि तोच शब्द आम्ही येथें ठेविला आहे; कारण नवा संस्कृत शब्द घडविणें सोपें असलें तरी तो समजावून सांगणें सोपें नसतें.

या जकातीचा जन्मच पोलादाच्या पोटीं झाला. १९०४ सालीं कॅनडाचे अर्थमंत्री फील्डिंग यांनीं असला पहिला कायदा करविला, त्याच्या मागें अमेरिकन पोलाद, विशेषतः आगगाडीचे रूळ, कॅनडांत स्वस्तांत लोटले जातात ही तक्रार होती. तीच अमेरिका पुढें या शस्त्राची सर्वांत मोठी धनी झाली, हें पाहून वाचकांस मौज वाटेल. तेथें १९१६ सालीं जो पहिला कायदा झाला तो फौजदारी वळणाचा होता. परकीय व्यापाऱ्याचा दुष्ट हेतु सिद्ध करावा लागे, व तो सिद्ध होत नसे. म्हणून १९२१ सालीं दुसरा कायदा करून हेतूचा प्रश्नच काढून टाकण्यांत आला आणि जकात बसविण्याचा निर्णय खजिन्याच्या सेक्रेटरीवर सोंपविण्यांत आला. १९१६ चा कायदा मात्र जागतिक व्यापार संघटनेनें २००० सालीं नियमबाह्य ठरवीपर्यंत कागदावर जिवंत होता. तो २००४ सालीं रद्द झाला.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, सेक्रेटरीनें चुकीचा निर्णय केला तर दाद कोठें मागावयाची? जकातीच्या तंट्यांसाठीं अमेरिकेंत १८९० पासून नऊ जणांचें एक मूल्यमापक मंडळ होतें. १९२६ सालीं त्यासच कस्टम्स कोर्ट हें नांव मिळालें. त्यावर अपिलाचें वेगळें कोर्ट १९०९ मध्येंच निर्माण झालेलें होतें. कागदोपत्रीं व्यवस्था उत्तम. परंतु १९३३ सालीं क्लेबर्ग खटल्यांत त्या अपील कोर्टानें असा निर्णय दिला कीं, सेक्रेटरीनें आपल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकलें नसेल व कायद्यानें सांगितलेली रीत पाळली असेल, तर त्याच्या निष्कर्षाच्या गुणदोषांत न्यायालय शिरणार नाहीं. एका वाक्यानें दरवाजा लागला, आणि तो सुमारें अर्धशतक बंदच राहिला असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. शिवाय दाद मागण्याचा जो काय हक्क होता तो मुख्यत्वें जकात भरणाऱ्या आयातदाराचा. जकात बसविण्यास नकार मिळालेल्या देशी कारखानदारास कोर्टाची पायरी चढण्याची वाट १९७४ च्या व्यापार कायद्यानें मोकळी केली.

येथें थोडें विषयांतर करून आपल्याकडे पाहिलें पाहिजे. ज्या काळांत अमेरिकेंत हा कायदा रुजत होता, त्याच काळांत हिंदुस्थानांतहि पोलादाचा प्रश्न पेटला होता. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील फिस्कल कमिशनच्या शिफारशीनंतर १९२३ सालीं पहिलें टॅरिफ बोर्ड नेमण्यांत आलें. त्याचे अध्यक्ष रेनी, आणि सभासद गिनवाला व पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतील अर्थशास्त्राचे अध्यापक वामन गोविंद काळे हे होते. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्याची बाजू ऐकून बोर्डानें अहवाल दिला व १९२४ सालीं पोलाद संरक्षणाचा कायदा झाला. त्याची शाई वाळते न वाळते तोंच बेल्जमच्या चलनाचा भाव उतरल्यामुळें युरोपांतील पोलाद आणखी स्वस्त झालें आणि बसविलेली जकात अपुरी पडूं लागली. बोर्डानें जकात वाढविण्यास सांगितलें; सरकारनें तें न करितां कारखान्यास रोख मदत देण्याचें ठरविलें, आणि तिची मर्यादा ५० लाख रुपये ठेविली. त्यानंतर १९२७ सालीं ब्रिटिश मालास एक दर व इतर युरोपीय मालास दुसरा, असा भेद कायद्यांत आला व त्यावरून असेंब्लींत मोठा वाद झाला. या साऱ्या प्रकरणांत न्यायालय कोठेंच नाहीं. बोर्डानें सांगावें, सरकारनें ठरवावें, असेंब्लीनें भांडावें, असा तो क्रम होता. डंपिंगविरोधी जकातीची तरतूद आपल्या कायद्यांत १९८२ सालीं आली, आणि तींवरील अपिलाची योजना, म्हणजे कस्टम्स टॅरिफ कायद्याचें ९सी हें कलम, पुढें १९९५ च्या सुमारास झालेल्या फेरबदलांतील आहे. असो.

अमेरिकेंतील बंद दरवाजा उघडला तो १९७९ च्या कायद्यानें. खजिन्याच्या खात्याकडून हें काम काढून १९८० च्या जानेवारींत तें वाणिज्य खात्याकडे देण्यांत आलें. डंपिंग किती, हें वाणिज्य खात्यानें ठरवावें, आणि त्या आयातीमुळें देशी धंद्यास खरोखर नुकसान पोंचलें काय, हें आंतरराष्ट्रीय व्यापार कमिशननें ठरवावें. दोघांचाहि कौल होकारार्थी पडला तरच जकात बसते. आणि या दोन्ही निर्णयांची तपासणी रेकॉर्डवर असलेल्या भक्कम पुराव्याच्या कसोटीनें न्यायालयानें करावी, असें स्पष्ट कलम घालण्यांत आलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत जुन्या कस्टम्स कोर्टाचें आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालय झालें. त्यांत नऊ न्यायाधीश असतात, व त्यांपैकीं पांचांहून अधिक एका राजकीय पक्षाचे असूं नयेत असा नियम आहे. त्यावर अपील १९८२ पासून फेडरल सर्किट नांवाच्या कोर्टाकडे जातें.

नव्या व्यवस्थेचें पाणी जोखावयाचें असेल तर निप्पॉन स्टील या जपानी कंपनीचे दोन खटले शेजारीं ठेवून वाचावे. दोन्हींतील घटना १९९७ च्या आशियांतील आर्थिक अरिष्टानंतरच्या आहेत. त्या अरिष्टांत पूर्वेकडील मागणी खचली आणि जपान, रशिया इत्यादि देशांचें पोलाद अमेरिकेच्या किनाऱ्याकडे वळलें.

पहिला खटला गरम लाटलेल्या पोलादी पत्र्यांचा. १९९८ च्या सप्टेंबरांत अमेरिकन कारखान्यांनीं फिर्याद केली. वाणिज्य खात्यानें निप्पॉनला लांबलचक प्रश्नावली पाठविली. कंपनीची कांहीं विक्री प्रत्यक्ष वजनावर होती, तर कांहीं केवळ लांबी, रुंदी व जाडी यांवरून काढलेल्या हिशेबी वजनावर. दोन्ही एका मापांत आणण्यासाठीं खात्यानें गुणक मागितला. कंपनीनें उत्तर दिलें कीं, हिशेबी वजनावर विकलेल्या मालाचें खरें वजन आम्ही ठेवीत नाहीं, सबब गुणक देणें अशक्य. खात्यानें पुनः विचारलें. पुनः तेंच उत्तर. प्राथमिक निर्णयांत खात्यानें कंपनीच्या विरुद्ध अनुमान काढल्यावर मग असें उघडकीस आलें कीं, खरीं वजनें कारखान्याच्या संगणकांत नोंदलेलीं होतींच! तीं घाईघाईनें सादर करण्यांत आलीं; खात्यानें मुदत संपली म्हणून तीं परत केलीं.

कायद्याचें म्हणणें असें कीं, ज्या पक्षानें आपल्या शक्तीप्रमाणें सहकार्य केलें नसेल त्याच्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढतां येतें. सारा वाद या 'शक्तीप्रमाणें' शब्दाचा. व्यापार न्यायालयानें २००० व २००१ सालीं कंपनीची बाजू उचलून धरली: हयगय झाली असेल, पण लबाडी दिसत नाहीं. २००३ च्या ऑगस्टांत फेडरल सर्किटनें तो निर्णय फिरविला. त्याचा आशय असा कीं, कायद्यास परिपूर्णता नको आहे, परंतु जास्तींत जास्त प्रयत्न हवा आहे. दुर्लक्ष, निष्काळजीपणा व गलथान दप्तर यांस तो पाठीशीं घालीत नाहीं. हेतु शुद्ध होता एवढ्यानें सुटका नाहीं.

आम्हांस हा वाद वाचतांना मीमांसेच्या सहाव्या अध्यायांतील यथाशक्ति-विचार आठवल्यावांचून राहिला नाहीं. नित्यकर्म एखादें अंग राहिलें तरी शक्तीप्रमाणें केल्यानें सिद्ध होतें. काम्यकर्म मात्र सर्वांगांनीं पुरें झालें तरच फळ देतें. जपानी कंपनी नित्यकर्माच्या न्यायानें सवलत मागत होती, आणि अपील कोर्टानें तिचें कर्म जवळजवळ काम्यांत घातलें. आमच्या मतें अपील कोर्टाचा अर्थ कठोर असला तरी समजण्याजोगा आहे. कारण परदेशांतील दप्तर तपासण्यास खात्याजवळ समन्स नाहीं, असलें अनुमान हीच काय ती त्याची छडी.

परंतु प्रकरण येथें संपत नाहीं. याच वजनांच्या बाबतींत जपान सरकार जागतिक व्यापार संघटनेकडे गेलें होतें, आणि तेथील अपील मंडळानें २००१ च्या जुलैंतच उलट निर्णय दिला होता. केवळ मुदत टळली एवढ्यावरून माहिती नाकारणें योग्य नव्हे, ती वाजवी काळांत आली काय, हें खात्यानें पाहावयास हवें होतें, असें त्या मंडळाचें मत पडलें. म्हणजे एकाच कारखान्याचे तेच कागद, आणि जिनेव्हांत निवाडा एक, वॉशिंग्टनमध्यें दुसरा. १९९४ च्या अमेरिकन कायद्यानेंच असें लिहून ठेविलें आहे कीं, संघटनेच्या कराराचा जो भाग देशी कायद्याशीं विसंगत असेल त्यास देशांत अंमल नाहीं. त्यामुळें तेथील न्यायाधीशांस हा विरोध बाधला नाहीं. श्रुति आणि स्मृति यांचा विरोध असतां श्रुति बलवत्तर हें आम्ही शिकलों; येथें प्रत्येक राष्ट्र आपल्याच ग्रंथास श्रुति म्हणतें.

दुसरा खटला कल्हईच्या, म्हणजे कथिलाचा किंवा क्रोमियमचा थर दिलेल्या पत्र्यांचा. ज्यांचे खाद्यपदार्थांचे डबे होतात ते. वेस्ट व्हर्जिनियांतील वीअर्टन या गांवच्या पोलाद कंपनीनें व कामगार संघांनीं १९९९ सालीं जपानविरुद्ध फिर्याद केली. ही कंपनी १९८४ सालीं कामगारांनीं स्वतःच विकत घेतलेली होती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. २००० सालीं कमिशननें नुकसान झाल्याचा निर्णय दिला व जकात बसली. निप्पॉन न्यायालयांत गेली. न्यायाधीश रिस्टानी यांस कमिशनची कारणमीमांसा पटली नाहीं. भाव उतरण्याचीं दुसरीं कारणें कमिशननें नीट तोललीं नाहींत, म्हणून २००१ अखेर त्यांनीं प्रकरण परत पाठविलें. कमिशननें पुनः होकारच दिला. तेव्हां २००२ सालीं न्यायालयानें नकारार्थी निर्णय नोंदवावा असा सरळ हुकूम केला.

फेडरल सर्किटनें २००३ सालीं तो हुकूम रद्द केला. न्यायालयानें उणीवा दाखवाव्या, प्रकरण परत पाठवावें; पण साक्षीपुराव्याचें वजन स्वतः करून कमिशनच्या खुर्चींत बसूं नये, असें त्याचें सांगणें. प्रकरण खालीं गेलें, आणि तोच फेरा पुनः सुरू झाला. कमिशन होय म्हणालें, न्यायालयानें परत पाठविलें, अखेर २००५ सालीं न्यायालयानें पुनः नकाराचा हुकूम केला व कमिशननें निषेध नोंदवून तो पाळला. २००६ च्या ऑगस्टांत फेडरल सर्किटनें तोहि उलथून कमिशनचा मूळचा होकार जागेवर आणला. पुरावा दोन्हीकडे झुकण्याजोगा असेल तेव्हां कोणत्या बाजूस झुकावें हें कमिशननें ठरवावयाचें, असा त्या निवाड्याचा मथितार्थ.

रिस्टानीबाईंचा पक्ष सर्वस्वीं निराधार होता असें आम्हांस वाटत नाहीं. जें मंडळ तीच कारणें नव्या शब्दांत पुनःपुनः पाठवितें, त्याच्यापुढें परत पाठविण्याचा अधिकार किती काळ अर्थपूर्ण राहतो, हा त्यांचा प्रश्न अपील कोर्टानें पुरता सोडविलेला नाहीं. क्लेबर्गच्या काळीं न्यायालय आंत पाहातच नव्हतें. १९८० नंतर तें पाहूं लागलें, परंतु पाहिल्यावर काय करावें याचा हात त्यानें आंखडताच ठेविला. पोलादाच्या भट्टीविषयीं व बाजाराविषयीं न्यायाधीशापेक्षां कमिशनला अधिक कळतें, हें खरें आहे. पण तेवढ्यानें सहा वर्षांच्या येरझाऱ्यांचें समर्थन होत नाहीं.

या सहा वर्षांत फिर्यादीचें काय झालें? वीअर्टन कंपनीनें २००३ च्या मेमध्यें, म्हणजे पहिला अपील-निवाडा लागण्यापूर्वींच, दिवाळें काढलें. २००४ सालीं तिची मालमत्ता दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली, आणि २००५ सालीं ती कंपनी मित्तल यांच्या उद्योगांत विलीन झाली. २००६ चा विजय ज्या कंपनीच्या फिर्यादीवर मिळाला ती त्या वेळीं अस्तित्वांत नव्हती. पुढें क्लीव्हलँड-क्लिफ्स या कंपनीकडे वीअर्टनचा कारखाना आला. तिनें व कामगार संघानें २०२३ सालीं कल्हईच्या पत्र्यांविषयींच इतर आठ देशांविरुद्ध नवी फिर्याद केली. २०२४ च्या फेब्रुवारींत कमिशननें या वेळीं नकारार्थी कौल दिला, तोहि एकमतानें. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वीअर्टन येथील कल्हईचा कारखाना थांबविण्याचें कंपनीनें जाहीर केलें. तेथें त्या वेळीं सुमारें ९०० माणसें कामावर होतीं.