जबलपूरचे पाच भाऊ, बिलासपूरचा एक

1960 साली रोम ऑलिम्पिकमध्ये हॉकीच्या उपांत्यपूर्व फेरीत भारत आणि ऑस्ट्रेलिया समोरासमोर उभे ठाकले. भारतीय संघाचे कर्णधार लेस्ली क्लॉडियस हे बिलासपूरला जन्मलेले. ऑस्ट्रेलियाच्या संघातील एरिक, गॉर्डन आणि ज्युलियन पिअर्स हे तीन सख्खे भाऊ जबलपूरचे. दोन्ही गावे एकाच ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या प्रांतातली. नागपूर हे त्याचे राजधानीचे शहर आणि आजची भिलाई ज्या भूमीवर उभी आहे तो दुर्ग जिल्हाही त्याच प्रांतातला. परदेशातील त्या मैदानावर, दोन निरनिराळ्या देशांचे गणवेश अंगावर घालून, एका प्रांताची मुले परस्परांविरुद्ध खेळत होती. भारताने तो सामना 1-0 असा निसटता जिंकला. निकालाची नोंद इतिहासात आहे. पण पिअर्स कुटुंब जबलपुरातच राहिले असते तर काय घडले असते, या प्रश्नाची नोंद कोणत्याही निकालपत्रात सापडत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी त्या काळच्या हॉकीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. हा खेळ भारतात आला तो लष्करी छावण्यांतून आणि रुजला तो रेल्वेच्या वसाहतींतून. जबलपूर येथे छावणी होती, तोफगाड्यांचा कारखाना होता, शिवाय दोन मोठ्या रेल्वेमार्गांचा संगमही तेथेच होता. बिलासपूर हे बंगाल-नागपूर रेल्वेचे महत्त्वाचे ठाणे. अशा गावांत इंग्रजी शाळा, रेल्वेचे क्लब आणि सपाट मैदाने ही तिन्ही एकत्र नांदत होती. कॅप्टन रूपसिंग यांचा जन्मही 1908 साली जबलपूरलाच झाला. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकसाठी संघ निवडायचा म्हणून कलकत्त्यास आंतरप्रांतीय स्पर्धा भरली, तेव्हा तीत उतरलेल्या पाच संघांपैकी एक मध्य प्रांताचा होता. त्यातील रेक्स नॉरिस आणि मायकेल रॉक भारताच्या संघात गेले. त्या संघाने स्पर्धेत 29 गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. जयपालसिंग यांच्या नेतृत्वाखालील त्या संघात निम्म्याहून अधिक खेळाडू अँग्लो-इंडियन होते.

स्वातंत्र्य जवळ आले तसे या समाजापुढे मोठे कोडे पडले. रेल्वे, तार, कस्टम्स या खात्यांतील नोकऱ्यांवर त्यांचे संसार उभे होते. समाजाचे पुढारी फ्रँक अँथनी हेही जबलपूरचेच. हाच आपला देश आहे, येथेच राहा, असा त्यांचा आग्रह होता. घटना समितीत त्यांनी प्रयत्नपूर्वक काही तरतुदी मिळवल्या. घटनेच्या 336 व्या कलमाने या नोकऱ्यांतील समाजाचे राखीव प्रमाण काही काळ टिकवले. मात्र दर दोन वर्षांनी ते दहा टक्क्यांनी उतरत जाऊन दहा वर्षांनी संपुष्टात येणार होते. घरात पाच मुलगे असलेल्या बापाला हा हिशेब सहज कळण्याजोगा होता. ऑगस्ट 1947 मध्ये ‘मनूरा’ हे जहाज शेकडो अँग्लो-इंडियनांना घेऊन ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरास लागले. पुढील वर्षांत आणखी कुटुंबे गेली. गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद ठेवण्याचे त्या देशाचे धोरण असल्याने आपले युरोपीय पूर्वज दाखवून प्रवेश मिळवावा लागे. ज्या समाजाला भारतात पुरेसे भारतीय मानले जाईल की नाही याची भीती होती, त्यालाच तेथे पुरेसे गोरे असल्याचा पुरावा द्यावा लागत होता.

याच लाटेत पिअर्स कुटुंब पर्थला पोहोचले. सेसिल, मेल, एरिक, गॉर्डन आणि ज्युलियन या पाच भावांपैकी एरिक तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा, तर गॉर्डन आणि ज्युलियन त्याहूनही लहान होते. जबलपूरच्या मैदानावर गिरवलेला खेळ त्यांनी पर्थमध्ये पुढे चालवला आणि पाचही जण ऑस्ट्रेलियाकडून खेळले. ऑस्ट्रेलियाचा हॉकी संघ ऑलिम्पिकमध्ये प्रथम उतरला तो 1956 साली, मेलबर्नला. तेव्हापासून 1968 पर्यंत या घराण्याच्या नावावाचून ऑस्ट्रेलियाचा ऑलिम्पिक संघ बनला नाही. एरिक सलग चार ऑलिम्पिक खेळले. 1964 मध्ये टोकियोला ऑस्ट्रेलियाने हॉकीतील आपले पहिले पदक, कांस्य, मिळवले. 1968 मध्ये मेक्सिकोला त्यांनी उपांत्य सामन्यात भारतालाच 2-1 असे हरवून रौप्यपदकापर्यंत मजल मारली. 1928 पासून ऑलिम्पिकच्या प्रत्येक अंतिम सामन्यात खेळलेला भारत त्या वर्षी प्रथमच अंतिम सामन्याबाहेर राहिला.

लेस्ली क्लॉडियस मात्र राहिले. बिलासपूरचा हा रेल्वेच्या घरातील मुलगा खरे तर फुटबॉल खेळण्यासाठी खरगपूरला गेला होता. 1932 च्या ऑलिम्पिकमधील सुवर्णपदकविजेते डिकी कार यांची नजर त्यांच्यावर पडली आणि त्यांच्या हाती हॉकीची काठी आली. त्यानंतर दोनच वर्षांत, 1948 मध्ये, लंडनला ते सुवर्णपदक विजेत्या संघात होते. 1952 आणि 1956 मध्येही सुवर्ण, 1960 मध्ये कर्णधार म्हणून रौप्य. कलकत्त्याच्या कस्टम्स खात्यात त्यांनी नोकरी केली आणि 2012 साली त्याच शहरात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या ऑलिम्पिक नकाशात एका स्थानकाला त्यांचे नाव देण्यात आले होते.

आता ‘जर’चा विचार. क्लॉडियस यांचे उदाहरण पुढे ठेवून असे सहज म्हणता येईल, की पिअर्स बंधू राहते तर भारताला आणखी पाच क्लॉडियस मिळाले असते. हा हिशेब गोड आहे, पण खरा नाही. क्लॉडियस यांना खरगपूर मिळाले, त्यानंतर कलकत्ता मिळाले. बेटन कपसारखी स्पर्धा आणि एका जाणत्या खेळाडूचा आधार मिळाला. बिलासपूरलाच राहिले असते तर त्यांचे नावही कदाचित कोणास ठाऊक झाले नसते. पाचही पिअर्स बंधूंच्या बाबतीत असा योग जुळून येणे कठीण होते. त्या काळी भारतात चांगल्या खेळाडूंची इतकी रेलचेल होती, की पंजाब, भोपाळ, सेनादल, रेल्वे यांच्या गर्दीतून एका गावचे एकाच घरातील पाच भाऊ राष्ट्रीय संघात पोहोचणे जवळजवळ अशक्यच. एरिक यांच्यासारखा आघाडीचा खेळाडू बहुधा आला असता, आणखी एखादा भाऊ उंबरठ्यापर्यंत गेला असता. उरलेले रेल्वेच्या संघाकडून खेळून, निवृत्तिवेतन घेऊन, जबलपूरच्या एखाद्या बंगलीत स्थिरावले असते. पर्थमध्ये जागा मोकळी होती. तेथे पाचांचीही गरज होती.

मग भारताची पदके वाढली असती काय? 1948, 1952 आणि 1956 ची सुवर्णपदके त्यांच्याविनाही मिळालीच. रोमच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने 1-0 असे हरवले. एका गोलाच्या त्या अंतरात एक चांगला आघाडीचा खेळाडू काही करू शकला असता, एवढेच फार तर म्हणता येईल. मात्र तोच तर्क पुढे नेला तर पाकिस्तानच्या बाजूचाही विचार करावा लागेल. 1948 साली भारतासाठी सुवर्णपदक जिंकणारे लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन हे दोघे 1956 मध्ये पाकिस्तानच्या संघातून भारताविरुद्ध उभे होते. फाळणीच झाली नसती तर, इथपर्यंत मग ‘जर’ला जावे लागते. मेक्सिकोच्या पराभवाबद्दल तर असे सांगता येते, की त्या वेळी भारतापाशी खेळाडू कमी नव्हते. पृथिपालसिंग आणि गुरबक्षसिंग असे दोन संयुक्त कर्णधार नेमण्याची वेळ आली होती. ज्या संघाला एक कर्णधार ठरवता येत नाही, त्याची उणीव जबलपूरच्या पाच भावांनी भरून निघाली नसती.

ज्या प्रांताच्या नावाने ते खेळले असते, तो प्रांतही उरणार नव्हता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. जबलपूर, बिलासपूर, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिले. नागपूरची राजधानी गेली, जुन्या प्रांतीय संघाची ओळख पुसली गेली. पुढे 1976 मध्ये मॉन्ट्रियल ऑलिम्पिकला हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. ऑस्ट्रेलियाला रौप्य मिळाले आणि भारत सातव्या स्थानी गेला. रेल्वेच्या मातीच्या मैदानांवर शिकलेला खेळ कोणत्याही घराण्याच्या बळावर हा बदल थोपवू शकला नसता.

तरीही एक हानी निश्चित झाली आणि ती पदकांच्या तक्त्यात दिसत नाही. खेळाडू दहा-पंधरा वर्षे खेळतो आणि त्यानंतर तीस वर्षे शिकवतो. डिकी कार यांनी क्लॉडियस यांना वळण लावले, ते अशाच शिकवण्याच्या परंपरेतून. पर्थला गेलेल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांनी तेथे नुसते सामने जिंकले नाहीत. त्यांनी क्लब चालवले आणि मुलांच्या हाती काठी दिली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या त्या हॉकीतूनच रिक चार्ल्सवर्थ आणि टेरी वॉल्श घडले. 2008 मध्ये चार्ल्सवर्थ भारतीय हॉकीचे तांत्रिक सल्लागार म्हणून आले आणि 2014 मध्ये वॉल्श यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले. जे ज्ञान जबलपूरसारख्या गावांतून जहाजाने गेले, ते साठ वर्षांनी विमानाने आणि मानधन घेऊन परतले. पिअर्स कुटुंब राहिले असते तर जबलपूर, बिलासपूर, रायपूर, राजनांदगाव या पट्ट्याला पाच विजेते मिळाले असते असे नव्हे. पण पाच शिक्षक मिळण्याची शक्यता मात्र खरोखर होती.

या पट्ट्यातील हॉकी त्यानंतरही संपली नाही. राजनांदगावला आजही हॉकीची नर्सरी म्हणतात आणि महंत राजा सर्वेश्वरदास यांच्या नावाची स्पर्धा तेथे भरते. भिलाईच्या शेजारच्या दुर्गमधील सबा अंजुम भारतीय महिला संघाची कर्णधार झाली आणि 2015 मध्ये पद्मश्रीने गौरवली गेली. त्याच वर्षी रायपूरला जागतिक हॉकी लीगचा अंतिम टप्पा झाला. ऑस्ट्रेलियाने विजेतेपद पटकावले, भारताने कांस्य. पिअर्स बंधूंच्या देशाचा संघ क्लॉडियस यांच्या जन्मभूमीत, त्यांच्या गावापासून काही तासांच्या अंतरावर, जिंकून गेला.

भिलाई हे शहर स्वतःच निघून आलेल्या माणसांचे आहे. 1955 चा सोव्हिएत संघाशी झालेला करार आणि 1959 मध्ये पेटलेली पहिली झोतभट्टी यांच्या मागोमाग विदर्भातून व महाराष्ट्राच्या इतर भागांतून मराठी कुटुंबे येथे आली. मागे राहिलेल्या गावांनी त्यांच्याबद्दलही कधी ‘गेले नसते तर’ असे म्हटले असेल. आज त्याच कुटुंबांतील मुले पुण्याला, बंगळुरूला, कित्येक पर्थच्याही पलीकडे जात आहेत. त्यांना अडवणे हे कोणत्याही गावाचे काम नव्हे. पिअर्स बंधूंना अडवून जबलपूरचे भले झालेच असते असेही नाही. पण घराण्याने कमावलेली विद्या घराबरोबरच सारी निघून जाऊ नये, जाणाऱ्याच्या मागे ती शिकवणारा कोणी तरी गावात उरावा, एवढी काळजी गावाला घेता येते. बिलासपूरच्या मुलाला ते खरगपूरमध्ये भेटले. आज ते काम प्रामुख्याने शाळांच्या मैदानांकडे आले आहे.